मेलेली लाख

झनकलाल टेंभरे साहेबांच्या तेरवीला तिरोड्यात त्यांच्या अंगणात पंगत बसली होती. भात वाढून व्हायच्या आतच दोन म्हाताऱ्यांचं जुंपलं.

"झनकलालनं मेलेली लाख जिवंत केली होती," एक म्हणाला. "साऱ्या गोंदियाले माहीत आहे."

"काही नाही केली. डोकं फिरलं होतं त्याचं. लाख मेली म्हंजे मेली."

"तू होता का तठी?"

"तू होता?"

मग दोघांनाही मी दिसलो. "हे शेंडेबाबू होते ना. त्याच कारखान्यातले. यायलेच विचारा."

पंगत माझ्याकडे पाहू लागली. मी पत्रावळीवरच्या वांग्याच्या भाजीकडे पाहत म्हणालो, "जेवा जी, भात थंडा होऊन राहिला."

हात धुवायला उठलो तेव्हा तांब्या घेऊन सुनीता आली. सुनीता ही साहेबांची एकुलती मुलगी, लग्न होऊन गोंदियालाच असते. पाणी ओतता ओतता खालच्या आवाजात म्हणाली, "काका, बाबा माह्या घरी एकदाबी नाही आले. लाखेपायी नाही आले म्हणतात. थे लाख खरंच जिवंत झाली होती का, तेवढं तरी सांगा."

मी म्हणालो, "लिहून देतो."

तेव्हापासून लिहायला बसतो आहे आणि उठतो आहे. इतकी वर्षं माझी समजूत अशी होती की खरं काय ते मला पक्कं माहीत आहे, फक्त सांगायचं राहिलं आहे. लिहायला घेतल्यावर लक्षात आलं की तसं काही नाही. तरी जे माझ्याजवळ आहे ते ठेवतो.

गोंदियाच्या एका लाखेच्या कारखान्यात मी गोदामाचा कारकून होतो. देवरी-चिचगडकडच्या जंगलात पळसाच्या फांद्यांवर बारीक किडे लाख करतात. ती खरवडून पोत्यांनी आमच्याकडे यायची. कुटायची, धुवायची, वाळवायची, वितळवायची आणि तिचे पापुद्रे करून कलकत्त्याला पाठवायचे, हा धंदा. टेंभरे साहेब तिथे केमिस्ट. शिक्षण बी.एस्सी., असं ते स्वतःच सांगत. प्रमाणपत्र कोणी पाहिलं नव्हतं आणि मागायची कोणाची छाती नव्हती, कारण साहेब बोलायला लागले की मागणाराच पास होतो की नापास अशी भीती वाटायची.

उंच, किडकिडीत माणूस. शर्टाच्या खिशात लोक पेन ठेवतात तिथे त्यांचा थर्मामीटर असे. चहा आला की आधी तो कपात बुडवायचे, डोळ्यांजवळ धरून पाहायचे, शर्टाला पुसून खिशात टाकायचे आणि म्हणायचे, "बरोबर आहे." मग पहिला घोट. एकदा आम्ही मुद्दाम गार झालेला चहा त्यांच्यापुढे ठेवला. साहेबांनी थर्मामीटर बुडवला, पाहिला, पुसला. "बरोबर आहे," म्हणाले आणि प्यायले. आम्ही हसलो. आम्ही का हसलो हे त्यांनी विचारलं नाही, त्यामुळे शेवटी आम्हीच ओशाळलो. त्यांना कळलं होतं की नव्हतं, हा प्रश्न तेव्हाही पडला होता. त्यांच्याबाबतीत हा प्रश्न मला नेहमीच पडत आला.

घरी ते पोवारी बोलत, आमच्याशी मराठी आणि शेठजींशी हिंदी. पण दोन शब्द तिन्ही भाषांत तेच राहायचे. फिजिकल आणि केमिकल. जगात दोनच तऱ्हेचे बदल होतात, असं त्यांचं म्हणणं. "परत येते थे फिजिकल. गेलं थे गेलं, थे केमिकल." बर्फाचं पाणी, पाण्याची वाफ, पाण्यात विरघळलेलं मीठ, हे सगळं फिजिकल. दूध नासलं, लोखंड गंजलं, कागद जळला, की केमिकल. इथवर शाळेतलंच होतं. पण साहेब इथे थांबत नसत. पेपरात कोणी पुढारी दुसऱ्या पक्षात गेल्याची बातमी आली की पानातून डोकं न काढता म्हणायचे, "फिजिकल. वाफ आहे. थंडी पडू दे, परत येते." भट्टीवरचा सुकराम बायको रुसून चिचगडला माहेरी गेली म्हणून तोंड पाडून बसला, तर त्याच्या पाठीवर थाप मारून, "फिजिकल आहे बे, काऊन रडून राहिला?" ती बाई आली नाही. सुकरामनं दुसरं लग्न केलं. साहेबांना त्याबद्दल कोणी छेडलं तर म्हणायचे, "मी बाईचं सांगितलं होतं. यानं वाट नाही पाहिली."

हाच सुकराम एकदा त्यांना म्हणाला, "साहेब, भात शिजला तं काय म्हणायचं?"

"केमिकल."

"मंग राइस मिलमधी धान उकडतात, वाळवतात, कांडतात. पुन्हा तांदूळ तं तांदूळच राह्यते. थे काय?"

साहेब विचारात पडले. थर्मामीटर काढला, पुन्हा ठेवला. दुपारी जेवायच्या सुट्टीत सुकरामजवळ येऊन म्हणाले, "थे अर्धं अर्धं आहे." दुसऱ्या दिवशी म्हणाले, "नाही, केमिकलच आहे. पण दिसत नाही." तिसऱ्या दिवशी सुकराम त्यांना टाळायला लागला.

आमचं घर छप्पन सालापासून बौद्ध. माझे वडील दुसऱ्याच्या धानाच्या बांध्यांत राबलेले, शब्दाला तिखट. एका बुद्धपौर्णिमेला साहेब आमच्याकडे खीर खायला आले आणि वाटी हातात घेऊन मला विचारते झाले, "शेंडे, तुमच्या लोकायचं छप्पनचं जे झालं, थे फिजिकल का केमिकल?"

मी काही म्हणायच्या आत वडीलच बोलले. "साहेब, पानी तापलं का वाफ, थंडं झालं का पानी, असं तुमचं गणित. आमचं पानी तापलं नाही. आमी ज्या भांड्यात होतो थे भांडंच सोडलं."

साहेब वाटी खाली ठेवून वडिलांकडे पाहत राहिले. मग अगदी हळू म्हणाले, "पण बाबा, सांडलं तं?"

वडील म्हणाले, "सांडलो ना थोडे. सांडलो नाही असं कसं म्हणू?"

मग दोघंही खीर खात राहिले. वडील नंतर म्हणाले, "मानूस अर्धवट आहे, पन विचारते तं खरं."

आता त्या दिवसाचं.

शेठजींनी लाख वितळवायला एक मोठी कढई बसवली होती आणि तिची जबाबदारी साहेबांवर होती. लाख तापली की मधासारखी होते, थंड झाली की काचेसारखी कडक, पुन्हा तापवली की पुन्हा मध. पण फार वेळ आचेवर राहिली तर तिचं काहीतरी वेगळंच होतं. ती आधी घट्ट होते, मग रबरासारखी चिवट, मग दगड. तो दगड पुन्हा कितीही तापवा, वितळत नाही. जळतो, धुरतो, पण वितळत नाही. तिला आमच्याकडे मेलेली लाख म्हणत. आणि मरायच्या आधीची लाख आणि जिवंत लाख डोळ्याला सारखीच दिसते, हे खरं संकट.

त्या दिवशी कलकत्त्याचे व्यापारी आले होते. शेठजींनी त्यांना कढई दाखवायला आणलं. पाहुणे समोर आणि कढईत सोन्यासारखी लाख, मग साहेब कसले थांबतात? बर्फापासून सुरुवात झाली. मेणबत्तीवर आले. मेणबत्तीत दोन्ही बदल कसे एकाच वेळी चालतात हे सांगताना एका व्यापाऱ्याची सिगारेट त्यांनी मागून घेतली.

सुकराम मोठ्या लाकडी दांड्यानं लाख ढवळत होता. म्हणाला, "साहेब, दांडा जड होऊन राहिला."

"थांब बे, पाहुण्यायले सांगून राहिलो."

थोड्या वेळानं पुन्हा, "साहेब, दांडा फिरून नाही राहिला."

साहेबांनी हात वर करून त्याला गप्प केलं आणि पाहुण्यांना म्हणाले, "अब ये लाख देखिए. इसको सौ बार पिघलाओ, सौ बार जमाओ, लाख का कुछ नहीं बिगड़ता."

सुकरामनं दांड्यावरचे हात काढून घेतले. दांडा कढईच्या मधोमध सरळ उभा राहिला.

दांडा पडेल असं वाटत होतं, पण तो पडला नाही. शेठजी आवाज न चढवणारे गृहस्थ होते. पाहुणे गेल्यावर म्हणाले, "टेंभरेजी, लाख तो मर गई. अब आप भी घर जाइए."

ती लाख सब्बलीनं फोडून काढावी लागली. तिचे ढेकळांसारखे तुकडे कारखान्यामागच्या पटांगणात टाकले. पावसाळे गेले तरी त्या ढिगाला काही झालं नाही. कुत्री त्याच्यावर झोपायची. बाजारात साहेबांचं नाव पडलं, मुर्दा केमिस्ट. आणि साहेबांनी तिरोड्याला जाताना आमच्यादेखत सांगितलं, "हे लाख वितळवून दाखवीन तेव्हाच गोंदियात पाय ठेवीन. नाही तं नाही." जाताना ढिगातला एक तुकडा पिशवीत घालून घेऊन गेले.

आम्हाला वाटलं, राग आहे, उतरेल. त्यांच्याच भाषेत सांगायचं तर फिजिकल आहे. पण उतरला नाही. सुनीताचं लग्न तिरोड्यातच लावलं, मुलगी गोंदियाला दिली, आणि बाप गोंदियाला गेला नाही. काही जण म्हणत, जुन्या वळणाचा माणूस आहे, लेकीच्या घरचं पाणी पीत नसेल. मी एकदा तेही विचारलं. म्हणाले, "थे तं आहेच." म्हणजे काय, ते मला अजून कळलेलं नाही.

मी अधूनमधून रविवारी दुपारच्या गाडीनं तिरोड्याला जायचो. साहेब ओसरीत गॅसची शेगडी मांडून बसलेले असत. शेगडीवर कुकर, कुकरात धुण्याच्या सोड्याचं पाणी आणि पाण्यात मेलेल्या लाखेचा तुकडा. त्यांचं म्हणणं असं, की सोड्यानं आणि वाफेच्या दाबानं लाखेच्या आतल्या घट्ट झालेल्या गाठी सुटतील. सोडा कधी जास्त, कधी कमी. शिट्ट्या कधी मोजलेल्या, कधी नाही. लिहून ठेवायची सवय नव्हती. "सगळं डोक्यात आहे," म्हणायचे. बाहेर वीज केंद्राच्या उंच चिमण्या दिसायच्या. त्यांच्याकडे बोट करून एकदा म्हणाले, "थे पाह्य. कोळशाची राख करणं सोपं आहे. राखेचा कोळसा करून दाखवा म्हणा."

"मंग तुम्ही थेच तं करून राहिले," आतून देवकाबाई म्हणाल्या. साहेबांच्या पत्नी. "बाबू, यायले सांगा, माह्या कुकरात आता डाळीलेबी लाखेचा वास येते. व्याही आले होते, त्यायनं वरण खाल्लं नाही."

"व्याह्याले नाक जास्त आहे," साहेब म्हणाले.

"नाक हाये, तरी पोरीचं लग्न झालं. आधीच हा वास आला असता तं या घरची पोरगी त्यायनं केलीच नसती."

तिरोड्याला जाताना मी कारखान्यामागच्या ढिगातले चार तुकडे घेऊन जायचो. कारखान्यात कोणालाच त्याचं काही नव्हतं, तो कचराच होता.

सुनीताला मुलगा झाला. बारशाच्या आधी मी गेलो तेव्हा देवकाबाई मला फाटकापर्यंत सोडायला आल्या. एरवी टोमणे मारणारी बाई, पण त्या दिवशी पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "काही करा बाबू. नातू झाला. पोरगी रोज फोन करते, बाबा येणार का म्हनून. हे म्हणतात, लाख वितळली का येतो. आता लाख काय वितळते? तुमीच काही करा."

मी काय केलं ते आता लिहितो.

गोदामात चांगल्या लाखेच्या जाड वड्या होत्या. त्यातली एक मी घरी आणली, फोडली, एक तुकडा मेणबत्तीवर वरून करपवला, राखेत घोळवला. हुबेहूब मेलेला दिसत होता. पुढच्या खेपेला ढिगातल्या तुकड्यांबरोबर तोही पिशवीत टाकून साहेबांना दिला. मनात एवढंच होतं, की एकदा वितळू दे, माणूस नातवाला पाहायला जाऊ दे.

तीन-चार दिवसांनी फोन आला. साहेबांचा आवाज ओळखू येत नव्हता. "शेंडे! तार निघून राहिली! तार!"

जिवंत लाखेची खूण तीच. गरम लाखेत काडी बुडवून उचलली की केसासारखी तार येते. मी दुसऱ्या दिवशी गेलो. साहेबांनी थाळीत एक लहानशी पिवळी चकती दाखवली. उजेडात धरली. देवकाबाई हसत होत्या आणि त्यांनी पुरणपोळी केली होती. चकती पाहताच मला वाटलं, ही माझीच. दुसरं काय असणार? मी म्हणालो, "अभिनंदन, साहेब."

"उद्या गोंदिया," ते म्हणाले. "सुनीताले फोन केला. स्वयंपाक करून ठेव म्हटलं."

मला बरं वाटलं. पण लगेच पुढचं वाक्य आलं. "आधी कारखाना. शेठले दाखवतो. मंग पोरगी."

मी म्हणालो, "साहेब, आधी पोरीकडे जा. शेठ कुठे पळून जाते?"

"मुर्दा केमिस्टच्या नातवाचं बारसं करू का?"

मी घरी येऊन आणखी एक तुकडा तयार केला आणि खिशात ठेवला. कारखान्यात संधी मिळाली तर तोच त्यांच्या हातात द्यायचा, असं ठरवलं होतं. संधी मिळाली नाही. साहेब आले ते कुकर कडेवर धरून, पांढरा शर्ट, नवी चप्पल. शेठजींना नमस्कार केला आणि म्हणाले, "तुकडा तुम्हीच निवडा." शेठजी पटांगणात गेले आणि चपलेच्या टोकानं ढिगातला एक तुकडा दाखवला.

सुकराम, हमाल, बाजारातले दोन दलाल, सगळे गोळा झाले. सोडा, पाणी, कुकर. शिट्ट्या झाल्या. वाफ जाईपर्यंत साहेब उभेच होते. झाकण उघडलं. तुकडा पाण्यात भिजलेल्या पावासारखा फुगून राखाडी झाला होता. तो काढून तव्यावर ठेवला. धूर निघाला. कडा करपल्या. साहेबांनी काडी टोचली. काडीबरोबर सगळा तुकडाच उचलला गेला.

सुकराम म्हणाला, "बाहेरून थोडी नरम वाटते, साहेब."

शेठजी म्हणाले, "टेंभरेजी, चाय पीजिए." टोचून नाही, खरंच म्हणाले. त्यानं जास्तच वाईट झालं.

साहेब माझ्याकडे वळले. "बाबू, तू सांग यायले. तुले माहीत आहे. तार निघाली होती का नाही?"

सगळे माझ्याकडे पाहत होते. खिशात तो दुसरा तुकडा मांडीला टोचत होता. मी म्हणालो, "मी चकती पाहिली, साहेब. तार निघाली तेव्हा मी नव्हतो."

यातलं अक्षर न् अक्षर खरं होतं. मी आयुष्यात पुष्कळ खोटं बोललो असेन, पण त्या खऱ्या वाक्याइतकं मला काही लागलं नाही. साहेब मान हलवत म्हणाले, "हव. नव्हता तू. बरोबर आहे." गरम कुकर तसाच फडक्यात बांधला आणि स्टेशनवर गेले. सुनीताचा स्वयंपाक झाला होता. तिचं घर स्टेशनकडे जाताना वाटेवर लागतं.

त्यानंतर त्यांनी ओसरीतली शेगडी उचलली नाही, पण पेटवतानाही मी पाहिलं नाही. सुनीता नातवाला घेऊन यायची. साहेब नातवाला मांडीवर घ्यायचे, त्याला बर्फ आणि पाणी दाखवायचे. गोंदियाचं नाव निघालं की उठून मागच्या दारी जायचे. कारखाना बंद झाला. शेठजी गेले. ढीग कुठे गेला मला ठाऊक नाही. मी निवृत्त झालो. तिरोड्याला मात्र जात राहिलो, आणि दर खेपेला सांगायचं ठरवून न सांगता परत येत राहिलो.

मागच्या हिवाळ्यात सांगितलं. ओसरीत ऊन होतं. साहेब पंच्याहत्तरीच्या पुढे गेलेले, पायांना सूज. मी वडी फोडल्यापासून खिशातल्या तुकड्यापर्यंत सगळं सांगितलं. सांगताना त्यांच्याकडे पाहवत नव्हतं, म्हणून चिमण्यांकडे पाहत बोललो. ते चष्मा पुसत होते.

"थो तुकडा?" ते म्हणाले. "वरून करपवलेला?"

"हो."

"थो तं मी पिशवी उघडल्याबरोबर बाजूले काढला. फोडला तं आत चकचकीत. वाटलं, गोदामातला चुकून मिसळला. हिच्या विळ्याची मूठ हलत होती, तिच्यात भरून टाकला." मग आत वळून, "सुनीताची माय! विळा आण व."

देवकाबाई विळा घेऊन आल्या. मूठ पक्की होती, पात्याच्या बुंध्याशी लाख भरलेली दिसत होती, तपकिरी, जुनी. मी विचारलं, "वहिनी, ही कव्हा भरली?"

"भरली होती यायनंच. कव्हा थे मले काय आठवते जी? विळे काय एकदाच हलतात?"

"मग त्या दिवशी वितळलं ते काय होतं?" मी साहेबांना विचारलं.

"मेलेलीच. ढिगातली."

"आणि शेठसमोर का नाही वितळली?"

साहेबांनी चष्मा घातला. "थेच तं समजून नाही राहिलं ना बाबू. सोडा तोच. कुकर तोच. इतकी वर्षं थेच इचार करून राहिलो."

मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. माणूस खरं सांगतो आहे, की म्हातारपणी त्याच्या आठवणीत सगळं मिसळलं आहे, की समोर बसलेल्या माझ्यासारख्या म्हाताऱ्याचं ओझं कमी करायला त्यानं विळा मागवला, काही कळेना. आणि जर ते खरं असेल, तर माझा तुकडा निर्दोष ठरतो, पण माझं ते वाक्य? तार खरंच निघाली होती आणि तिचा एक तरी साक्षीदार मी होऊ शकलो असतो. मी कशासाठी अपराधी होतो, हे त्या उन्हात बसल्या बसल्या बदललं आणि मला काय वाटायला हवं ते समजेना.

मी एवढंच म्हणालो, "साहेब, आता पोरीकडे चला."

ते उठून आत गेले आणि पांढरा शर्ट घालून आले. देवकाबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी साहेबांच्या हातात काठी दिली.

स्टेशनवर साहेबांनी स्वतः खिडकीशी जाऊन "दोन गोंदिया" म्हणून तिकिटं काढली आणि मला ठेवायला दिली. मी सुनीताला फोन केला. "बाबांना घेऊन येतो," म्हटलं. तिला पहिल्यांदा ऐकूच आलं नाही, मला पुन्हा सांगावं लागलं. मग ती म्हणाली, "मी स्टेशनावर येते."

गाडी आली. तिरोड्याला ती जेमतेम थांबते. आधी मी चढलो, काठी वर घेतली आणि हात पुढे केला. साहेबांनी एका हातानं दांडी धरली, एक पाय पायरीवर ठेवला. तेवढ्यात मागून एक बाई डोक्यावर गाठोडं घेऊन धावत आली, "सरका जी, सरका." साहेबांनी पाय खाली घेतला. तिला आधी चढू दिलं. तिचं गाठोडं खालून उचलून मला दिलं, मी आत ठेवलं आणि वळलो तोवर गाडी हलली होती.

मी ओरडलो, "साहेब, धरा!" दांडी त्यांच्या हाताच्या अंतरावरून जात होती. हात वर झाला. पण तो दांडीकडे आला की मला निरोप द्यायला, ते मला दिसलं नाही. पाय सुजलेले होते, हेही खरं. ते काहीतरी म्हणाले, ते भोंग्यात गेलं. मग ते फलाटावर तसेच उभे राहिले, काठीशिवाय, पांढऱ्या शर्टात, गाडीच्या दिशेला तोंड करून, आणि लहान लहान होत गेले.

गोंदियाला सुनीता मुलाला घेऊन फलाटावर आली होती. मी काठी घेऊन उतरलो. ती माझ्या मागं दाराकडे पाहत राहिली, सगळे उतरून डबा रिकामा होईपर्यंत.